घाट चढेपर्यंत

१ जुलै २०२४, सोमवार
कर्जतला संततधार. औषधांच्या दुकानात स्टेशनकडची गिऱ्हाइकं निथळत येतात. सर्दी, ताप, पायाला चिखल्या.
पन्नाशीच्या एक बाई. चिठ्ठीवर दोन औषधं, मेटफॉर्मिन आणि एस्सिटालोप्राम. मधुमेहाची पट्टी तशीच पर्समध्ये टाकली. दुसरी मनाच्या आजाराची. तिच्याबद्दल म्हणाल्या, "ही कागदात गुंडाळून द्या हो."
दिली गुंडाळून. रोज कुणी ना कुणी मागतंच.

३ जुलै
रसायनीहून धाकट्या भावाच्या सुपरवायझरचा फोन. पाळीला येत नाही, कळवतही नाही. घरी विचारलं. "रजा टाकलीय," म्हणाला. नजर दारावर.

५ जुलै
रात्री अडीचला स्वयंपाकघरात दिवा. धाकटा उभा. पोळ्या बांधायच्या चंदेरी कागदात मोबाइल गुंडाळलेला.
"दादा, हळू बोल."
"कोण ऐकतंय?"
उत्तर नाही.

८ जुलै
एक्स्प्रेसवेवर नव्या कॅमेऱ्यांच्या कमानी उभ्या राहिल्यात. वेग मोजतात, सीटबेल्ट बघतात. धाकटा म्हणतो, त्या त्याच्यासाठी आहेत. चौकला तो रस्ता ओलांडून कंपनीत जातो, हे त्यांना कळलंय.
कॅमेरे खरे आहेत. म्हणूनच वाद घालणं अवघड. खूप समजावलं. शेवटी माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

१० जुलै
ताट समोर आलं की, "वहिनी, आधी तू घास घे."
ही घेते. काही न बोलता. मग तो जेवतो.

११ जुलै
आईशी बोललो. तिच्या मते बाहेरचं काहीतरी आहे. नाहीतर लग्न करून द्या, मार्गी लागेल. बोलता बोलता दोन घास खाऊन उठली. हल्ली तिचं जेवण एवढंच.

१३ जुलै, शनिवार
कॉलेजातला एक मुलगा. चिठ्ठी प्रोप्रॅनोलॉलची. लोकलमध्ये छाती धडधडते, हात बधिर होतात, आता संपलोच असं वाटतं. ईसीजी काढून झाला. नॉर्मल. "मग मला होतंय ते काय?"
पॅनिक अटॅक. दहाएक मिनिटांत टोकाला जातो, मग ओसरतो. त्याने जीव जात नाही. पण तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस आधी लोकल सोडतो, मग कॉलेज. यावर औषध आहे, बोलून करायचे उपचारही आहेत. ज्या जागेची भीती तिथे थोडं थोडं परत जायचं, जाणकाराच्या देखरेखीखाली. म्हटलं, डॉक्टरांना हे सगळं सांग, नुसतं "धडधडतं" नको.
परक्या पोराला सांगता आलं. घरी शब्द जुळत नाहीत.

१७ जुलै, आषाढी एकादशी
मामा आले. त्यांच्या ओळखीचा भगत आहे, वर वाडीत. लिंबू उतरवतो, धागा बांधतो. आईचे डोळे माझ्याकडे लागलेले. धाग्याला मी हो म्हटलं. तिचा जीव जरा थाऱ्यावर येईल.
मामा पुढे म्हणाले, "मार बसला की उतरतं." त्याला मात्र नाही. ठाम नाही. २०१३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नाही.

१९ जुलै, शुक्रवार
इर्शाळवाडीला आज वर्ष. याच रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाचलेली कुटुंबं अजून चौकला कंटेनरमध्ये.
त्या रात्री मदतीला वर चढून गेलेला माझा मित्र दुपारी दुकानात आला. घ्यायचं काही नव्हतं. नुसता बसला. पाऊस वाढला की झोपेतून उठतो. ओल्या मातीचा वास आला की पोटात ढवळतं. चौकवरून जायचं टाळतो. "मला तर काही झालंही नाही," म्हणाला. "ज्यांचं गेलं त्यांचं बघ."
आघात बघणाऱ्यालाही लागतो, मदत करणाऱ्यालाही. बरेच जण काही महिन्यांत सावरतात. वर्ष उलटूनही झोप मोडत असेल तर उपचार लागतात. पनवेलच्या मनोविकारतज्ज्ञ बाईंचा नंबर लिहून दिला. घडी करून खिशात ठेवला. जाईल का?
तोच नंबर घरासाठीही लिहून घेतला.

२१ जुलै
स्किझोफ्रेनियाबद्दल वाचतोय. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. झोप जाते, माणूस तुटत जातो, संशय येतो, कुणी नसताना आवाज ऐकू येतात. पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत जितके दिवस जातात, तितकं सावरणं अवघड. हे वाक्य पुन्हा वाचलं.
वाद घालू नये, हो ला हो ही म्हणू नये. भीती किती वाटते ते विचारावं.
रात्री विचारलं, "खूप भीती वाटते का रे?"
रडला. पनवेलला यायला तयार झाला. गुरुवारची वेळ मिळाली.

२४ जुलै, बुधवार
धाकटा घरात नाही. चपला आहेत.

२५ जुलै
पाऊस थांबत नाही. उल्हास दुथडी. रात्रभर फिरलो, भिसेगाव, मुद्रे, नदीचा पूल. मग स्टेशन. नेरळ, पळसदरी, खोपोली.
पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद. हवालदाराने विचारलं, "दारू?" नाही. "भांडण?" नाही. आजाराचं सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं. "माझ्या मावशीचा मुलगा असाच निघून गेला," म्हणाले. आजूबाजूच्या ठाण्यांना लगेच फोटो पाठवला.
मुंबईची लोकल कर्जतला संपते, नाहीतर खोपोलीला. कुठून कुठून गाडीत बसलेली, पत्ता हरवलेली माणसं इथे उतरतात. जटा, अंगावर चिंध्या, हातात गाठोडं. वर्षानुवर्षं त्यांच्या बाजूने चालत गेलो. आज एकेकाच्या तोंडाकडे वाकून पाहिलं.

२६ जुलै, शुक्रवार
सापडला.
खोपोलीच्या अलीकडे, जुन्या हायवेवर. टपरीवाल्याने फोन केला. तळपायाची सालं निघालीत. टपरीवाल्याने चहा दिला, प्लास्टिक पांघरायला दिलं, गल्ल्याशेजारी बसवून ठेवलं. पैसे देऊ लागलो तर हात मागे घेतला. "माणूस आहे ना," म्हणाला.
आईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी काही बोललो नाही.

२७ जुलै, शनिवार
पनवेल. बाईंनी कालच्या फोनवर आज वेळ दिली.
आधी त्याच्याशी बोलल्या, एकट्याशी. मग आम्हाला आत घेतलं. त्यानेच सांगितलं, आमच्यासमोर, "दोन आवाज आहेत. एक बाईचा. मी काय करतो ते सांगत राहतात. आता उठला, आता पाणी पितोय." इतके दिवस घरात दोन माणसं जास्तीची होती. आम्हाला पत्ता नव्हता.
मी विचारलं, "स्किझोफ्रेनिया का?"
"इतक्यात नाव नको. त्यासाठी निदान सहा महिन्यांचा काळ बघावा लागतो. सायकोसिस आहे, आणि उपचार आजपासून."
रिस्पेरिडोन, रात्री, छोट्या मात्रेपासून. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, साखर, वजन. दारू-गांजाची चौकशी. नाही.
आईने विचारलं, "कुणाचं काय चुकलं?"
"कुणाचंच नाही आई. मेंदूचा आजार आहे. घराण्यातली प्रकृती, मेंदूतली रसायनं, ताण, सगळं मिळून होतं. तुमच्या वाढवण्याने नाही."
आईने पदर तोंडाला लावला.

३० जुलै
मेंदूत डोपामिन नावाचं रसायन आहे. कशाकडे लक्ष द्यायचं, कशाला महत्त्व आहे, ते ठरवण्यात त्याचा हात. ते काही भागांत जास्त झालं की साध्या गोष्टीही आपल्यासाठीच घडतायत असं वाटू लागतं. कमान, गाडीचा नंबर, शेजाऱ्याचं खोकणं. गोळी त्याची वाट अडवते. भीती आणि तळमळ आधी उतरते. पक्की बसलेली समजूत मागाहून, आठवड्यांनी.
या जातीचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिलं गेलं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. म्हणजे पहिली पन्नास वर्षं तिथे आलेल्यांसाठी ही गोळीच नव्हती. आजोबांच्या तोंडी "ठाण्याला टाकला" हे का असायचं ते कळतं. तेव्हा परत येणं अवघड होतं.
धाकटा आज घरी आहे. त्याच्या खाटेवर.

२ ऑगस्ट
मान आखडली. जबडा ताठ. घाबरला, "गोळीने मला मारतायत," म्हणाला. बाईंना फोन. मात्रा थोडी कमी, सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल. संध्याकाळपर्यंत मान सैल.
दुकानात हे रोज बघतो. मान आखडते, हात थरथरतात, लाळ गळते, माणूस गोळी टाकून देतो. सांगितलं तर औषध बदलता येतं, मात्रा बदलता येते. न सांगता सोडलं तर आजार तेवढा मागे राहतो.

६ ऑगस्ट
मामांचा फोन. "पुन्हा गेला तर? बाहेरून कडी लावत जा."
त्यांना एरवाडी सांगितलं. तामिळनाडू. २००१, आजचीच तारीख. दर्ग्याच्या आसऱ्याला आणून ठेवलेले मनोरुग्ण, साखळ्यांनी बांधलेले. पहाटे झोपडीला आग लागली. २८ जण गेले. पळता आलं नाही.
मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी येऊन राहतो चार दिवस. रात्री जागायला कुणीतरी हवं."

९ ऑगस्ट, नागपंचमी
सलग झोपला. ही दोनदा उठून श्वास बघून आली.

१२ ऑगस्ट
दुकान बंद करताना एक जण. चिठ्ठी नाही. झोपेचं काहीतरी द्या. चेहरा राखेसारखा. नाही म्हटलं, पण जाऊ दिलं नाही. आत बसवला, चहा मागवला. विचारलं, सरळ, "जीव नकोसा झालाय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो असं लोक मानतात. तसं होत नाही. उलट बोलायला वाट मिळते.
"हो," म्हणाला. कर्ज, बायको माहेरी.
१४४१६ लावला. टेलिमानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. तो बोलत होता, मी काउंटर पुसत बसलो. भावाचा नंबर दिला त्याने. भाऊ येऊन घेऊन गेला.
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर मोठा ताण होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम.
घरी यायला उशीर. जेवण गेलं नाही.

१५ ऑगस्ट
धाकटा म्हणाला, "आवाज बारीक झालेत. शब्द कळत नाहीत नीट."
आणि मग, "दादा, कमानींचं मला अजून तसंच वाटतं. पण आता वाटलं तरी चालतं."

१९ ऑगस्ट, राखी
बहीण बदलापूरहून आली. राखी बांधली, त्याच्या केसांतून हात फिरवत बसली. निघताना मला बाजूला घेऊन, "सासरी कळू देऊ नका रे." तिची नणंद लग्नाची आहे. तिचंही खरं.
निम्हान्स या मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. शंभरात दहाहून जास्त प्रौढांना कुठला ना कुठला मनाचा आजार. त्यातल्या बहुतेकांना उपचारच नाहीत. आजारागणिक ७० ते ९२ टक्के. म्हणजे नणंदेच्या होणाऱ्या सासरीही कुणीतरी असेल. कागदात गुंडाळलेलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार
पनवेल, पुन्हा. धाकट्याचं ठीक चाललंय. मात्रा तीच.
निघणार, तेवढ्यात बाईंनी आईकडे वळून विचारलं, "आणि तुमची झोप?"
आई म्हणाली, "माझं काय, वय झालं."
"किती वाजता जाग येते?"
"तीनला."
"मग?"
"मग पडून राहते. उजाडायची वाट बघते." थोडं थांबून, "उजाडलं तरी काय."
पुढचं सगळं हळूहळू बाहेर आलं. चव नाही. हातपाय गळून जातात. टीव्हीवरचं कीर्तन आवडायचं, आता लावलं तरी ऐकू येत नाही. आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून. अण्णांना जाऊन तीन वर्षं होतील.
डिप्रेशन. थायरॉइड आणि बी-१२ आधी बघून घ्यायचं, त्यांच्या कमतरतेनेही असं होतं. एस्सिटालोप्राम, ५ मिलिग्रॅम, सकाळी. दोन-चार आठवडे काही वाटणार नाही, धीर धरा. बरं वाटलं तरी सहा-नऊ महिने चालू. एकदम बंद नाही. रोज अर्धा तास उजेडात चालायचं, आवडत नसलं तरी.
परतीच्या प्रवासात आई खिडकीशी. धाकट्याने तिची पिशवी मांडीवर घेतली.

२५ ऑगस्ट
आईला मळमळतं. "नको ती गोळी." जेवणानंतर दिली. आठवड्यात जातं हे.

३० ऑगस्ट
तुळशीच्या कुंडीत गोळ्या. ओल्या मातीत पांढरे ठिपके. धाकट्याच्या.
"मला बरं वाटतंय. मग कशाला?"
ओरडलो नाही. कुंडीशेजारी बसलो. परवाच्या रात्री दिवा जळत होता. मला वाटलं, मच्छर.
बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, होतं असं, बऱ्याच जणांचं होतं. आधी कारण विचारा. विचारलं. सकाळी डोकं जड असतं, आणि गोळी बघितली की मी आजारी आहे हे रोज आठवतं.
गोळीची वेळ अलीकडे, नऊ वाजता. पुन्हा असं झालं तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात. तो म्हणाला, "आत्ता गोळीच राहू दे. वहिनीने द्यावी."

४ सप्टेंबर
संध्याकाळी त्याला घेऊन स्टेशनला. वडापाव खाल्ला. पुण्याकडची गाडी लागली, मागून बँकर इंजिनं जोडायचं काम चाललं होतं. लहानपणी आम्ही हेच बघायला यायचो.
बघत राहिला. मग म्हणाला, "गोळी ही अशीच का? घाट चढेपर्यंत मागून ढकलणार, लोणावळ्याला सुटणार?"
"बहुतेक."
"माझं लोणावळं कधी?"
"बाई सांगतील. मधेच मात्र सोडायचं नाही."
"मधे सोडलं तर गाडी मागे येते," तो म्हणाला.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
घरचा दीड दिवसाचा. माणसं फार. आरतीला धाकटा मागे उभा, कपाळाला घाम. तीन आरत्यांनंतर ही त्याला माळ्यावर घेऊन गेली. गर्दी, आवाज अजून झेपत नाही. ठीक आहे.
आईने उकड काढली. हिला पाऱ्या जमेनात तेव्हा ओरडली, "अंगठा आत ठेव गं!" कितीतरी दिवसांनी आईचा आवाज चढला. ही माझ्याकडे बघून हसली.

११ सप्टेंबर
मित्राचा फोन. गेला होता पनवेलला. एवढंच म्हणाला, "बोललो. तिकडे वर काय बघितलं ते सगळं."

१४ सप्टेंबर, शनिवार
वेणगावच्या बाजूला काम. धाकटा गाडीवर मागे. श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं नाव दिसलं. "इथे काय असतं?"
सांगितलं. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघं मनोविकारतज्ज्ञ. मुंबईत रस्त्यावर एक तरुण दिसला, करवंटीने गटारातलं पाणी पीत होता. त्याला उचलून आणलं, उपचार केले. तो शिकलेला निघाला, पदवीधर. आंध्रातल्या घरी परत गेला. त्यातून १९८८ मध्ये संस्था. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले एक अध्यापक असेच रस्त्यावर सापडले, तेव्हा चित्रकारांनी प्रदर्शन भरवून संस्थेसाठी पैसा उभा केला. २००६ पासून कर्जतचं हे केंद्र. २०१८ ला डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार. देशभरातली रस्त्यावरची माणसं इथे येतात. आंघोळ, केस, जेवण, औषध. काही आठवड्यांनी कुणाच्या तोंडून गावाचं नाव निघतं. नदीचं, शाळेचं. कार्यकर्ते त्या धाग्याने घर शोधतात, पोचवायला सोबत जातात, घरच्यांना आजार समजावून येतात. हजारो माणसं अशी घरी गेली.
"औषधं कुठली?"
"ह्याच जातीची. माझ्या दुकानात असतात ती."
गाडी सुरू केली. पुलापर्यंत बोलला नाही.
"मी माझं गाव सांगितलं असतं का?"
"टपरीवाल्याला काय सांगितलंस?"
"काहीच नाही. तो विचारत होता, मला त्याच्या तोंडाचा आवाज वेगळा काढता येत नव्हता. त्याने गळ्यातलं कार्ड वाचलं." थांबला. "कंपनीचं कार्ड मी काढायला विसरलो होतो, दादा. बाकी सगळं टाकून दिलं होतं."
त्या कार्डावरचा नंबर, बस. एवढ्याने तो घरी आला. फलाटावरच्या त्या सगळ्यांच्या गळ्यात कधीतरी काहीतरी असणार.

१६ सप्टेंबर
पुलाखाली बसणाऱ्या, भान हरवलेल्या एका माणसाबद्दल पोलीस ठाण्यात सांगून आलो. असा माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं, दवाखान्यात पोचवणं पोलिसांचं काम आहे, कायद्यातच आहे. तेच हवालदार होते. "भाऊ कसा आहे?" आधी ते विचारलं. मग वही काढली.

२१ सप्टेंबर
कंपनीतून एच.आर.चा फोन. डॉक्टरांचं पत्र दिलं की परत घेऊ. रात्रपाळी नको असं बाईंनी पत्रात घातलंय. झोप मोडली की हा आजार पुन्हा उठतो.
विम्याची कागदपत्रं काढली. शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजारालाही द्यावा, हे २०१७ च्याच कायद्यात. कलम २१. अर्ज भरला.

२८ सप्टेंबर
आई पहाटे पाचला उठली. तीनला नाही, पाचला. चहा टाकला, मला हाक मारली.

६ ऑक्टोबर
धाकट्याचं वजन वाढलंय. कंबर घट्ट. चिडला. बाईंनी सांगितलंच होतं, भूक वाढते. आईच्या चालण्यात आता तोही. दोघं दहिवलीच्या पुलापर्यंत जाऊन येतात. आई पुढे.

१० ऑक्टोबर
जागतिक मानसिक आरोग्य दिन. यंदाचा विषय कामाची जागा. दुकानात पाटी लावली, मोठ्या अक्षरांत:
मनाच्या आजाराची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. त्रास होत असेल तर बोला. टेलिमानस १४४१६.
तीन जण वाचून गेले. एक परत आला. "झोप येते खूप, म्हणून मी अर्धीच घेतो, चालतं का?" त्याच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला.

१४ ऑक्टोबर, सोमवार
पहिली पाळी. सकाळची. मी चौकपर्यंत मागे जाऊ का, विचारलं. "नको. जातो." एक्स्प्रेसवे ओलांडल्यावर मेसेज: पोचतोय.
हात कापत होते माझे. चिठ्ठ्या दोनदा तपासून औषधं दिली.

१९ ऑक्टोबर, शनिवार
पनवेल. आईची मात्रा १० वर, चांगलं चाललंय. धाकट्याची साखर ठीक. त्याने विचारलं, किती दिवस. "पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून निदान एक-दोन वर्षं. मग ठरवू, हळूहळू कमी करून." मान हलवली. काही जणांना जन्मभर घ्यावी लागते, हेही बाईंनी लपवलं नाही.
मग त्याला म्हणाल्या, "परत येताना आजार ओळखीच्या खुणा दाखवतो. तुझ्या तूच लिही."
घरी आल्यावर बसून लिहिल्या. शाळेतल्यासारखं अक्षर.
झोप कमी होते. मोबाइल झाकतो. कुणाशी बोलत नाही. वहिनीला आधी घास घ्यायला लावतो. गोळी तोंडात ठेवतो, गिळत नाही.
खाली ओळ मारून: यातल्या दोन दिसल्या तर मला विचारत बसू नका, मी नाहीच म्हणेन. बाईंकडे न्या. बांधू नका. भगत नको. धागा चालेल, आईसाठी.
कायद्याप्रमाणे असं आधी लिहून ठेवता येतं. आपल्याला ठरवता येणार नाही तेव्हा कुणी ठरवायचं, तेही साध्या कागदावर सही करून नेमता येतं.
त्याने वहिनीचं नाव लिहिलं.
हिने पोळपाट बाजूला सारला, हात पुसले, कागद सगळा वाचला. "दोन कशाला? एक दिसली तरी नेईन," म्हणाली, आणि पेन मागितलं.